ऑगस्टमधली परीक्षा

प्रिय मारित,

आधी सँडविच खा, मग वाच. लोणच्याची काकडी काढून टाकली आहे, पावाच्या कडा तशाच ठेवल्या आहेत. सफरचंद रोंडाने कोंबलंय, ते नाही खाल्लंस तरी मी तिला सांगणार नाही. एरवी या पिशवीत माझ्या दोनच ओळी असतात, एखादा फालतू विनोद आणि 'कोपरं आवर'. आज ही एवढी पानं बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडतील. पडू देत. कोचने तुम्हा सगळ्यांचे फोन फायनल संपेपर्यंत गोळा करून ठेवलेत, तुमच्या मजल्यावर आयांना बंदी आहे, मग तुझ्या दारापर्यंत पोचणारी एकच गोष्ट उरते. फायनलच्या सकाळी दाराच्या मुठीला अडकवलेली आईची कागदी पिशवी.

मी खाली हॉटेलच्या नाश्त्याच्या हॉलमध्ये बसले आहे. आता कुठे उजाडतंय. बाकीच्या आयांनी टेबलं जोडून कारखाना सुरू केलाय, एक पाव लावते, एक टर्की घालते, एक पिशवीवर नाव लिहिते. तुझ्या खोलीतल्या ब्रिनची आई, आपली रोंडा, मघाशी माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "काय गं जोलीन, चिठ्ठी लिहितेस की मृत्युपत्र?" सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले.  पण आता लिहूनच टाकते. मला भीती वाटते आहे, पोरी. तुझ्या डोक्याची. काल तू पडलीस तेव्हा लाकडावर झालेला आवाज मी वरच्या रांगेत बसून ऐकला, आणि तो अजून माझ्या कानातून गेलेला नाही.

माझं घाबरणं तुला नवीन नाही, हे मला माहीत आहे. बाबा तर चारचौघांत सांगायचे, "ही बाई शाळेची बस घेऊन बर्फाच्या वादळातून जाते, मागे पोरं कोंबड्यांसारखी भांडत असतात, पण हिची नजर हलत नाही. आणि पोरीच्या हातात बॉल आला की ही डोळे मिटून घेते!" खरं आहे ते. तू सहावीत असताना तुझं बोट मुरगळलं तर मी अख्खा हात गेला असं समजून रडले होते. वैरी न चिंती ते मन चिंती, तशी मी आहेच. म्हणून तर रात्रभर स्वतःला समजावत होते की बाई, हा तुझा जुना रोग आहे, झोप. पण झोप आली नाही, आणि सकाळी आरशात बघितलं तेव्हा कळलं की हे नेहमीचं घाबरणं नाही.

पूर्वी मला एवढी भीती वाटत नसे, कारण पूर्वी सगळं जवळ होतं. तू पहिल्या वर्षाला होतीस तेव्हा आपल्या कॉन्फरन्समधलं, त्या आठ कॉलेजांच्या गटातलं, सगळ्यात लांबचं कॉलेजही गाडीने दुपारपर्यंत गाठता यायचं. सकाळी गायींचं आवरून आम्ही निघायचो, बाबा गाडी चालवायचे, मी ओव्हनमधल्या भाताचं गरम भांडं मांडीवर धरून बसायचे. पाइन लेक कॉलेजच्या आया आपल्याला शिव्या द्यायच्या आणि सामना संपला की आपल्याच ताटात वाढायच्या. आठ कॉलेजं, आठांची स्पर्धा, जो जिंकेल तो राष्ट्रीय स्पर्धेला. बाबा सुताराच्या जाड पेन्सिलीने तो सगळा तक्ता फ्रिजवर काढायचे, थेट फ्रिजच्या पत्र्यावर, आणि मी ओरडले की म्हणायचे, "अगं, फ्रिज नवा घेता येईल, मार्च महिना वर्षातून एकदाच येतो." त्या तक्त्यात तुमचं नाव एकेक घर पुढे सरकायचं आणि आमची छाती एकेक इंच फुगायची.

मग ती फाटाफूट सुरू झाली. आधी दोन मोठी कॉलेजं टीव्हीच्या पैशाच्या मागे गेली, मग त्यांच्यामागून पाइन लेक गेलं, आणि उरलेल्यांनी घाबरून जे दार उघडं दिसलं त्यात उडी मारली. आपल्या कॉटनवूड स्टेटने जिथे उडी मारली त्या कॉन्फरन्समध्ये एक कॉलेज समुद्राकाठी, एक वाळवंटात, एक जवळजवळ कॅनडात. बाबा नकाशा घेऊन बसले होते, आठवतं? "हे कोणी ठरवलं? नकाशा उलटा धरला होता का त्याने? अरे, पोरी बास्केटबॉल खेळतात की टपाल वाटतात?" तुम्ही मंगळवारी निघायचात ते शुक्रवारी उगवायचात, विमानतळाच्या जमिनीवर झोपून, पुस्तकं न उघडता. आम्ही दोघं स्वयंपाकघरात कॉम्प्युटरच्या त्या अडखळत्या चित्रात तुला शोधायचो. चित्र थांबलं की तू हवेतच लटकलेली असायचीस, आणि ते पुन्हा सुरू होईपर्यंत तू पाय टेकलेस की नाही हे मला कळायचं नाही.

मागच्या वर्षीच्या फेब्रुवारीत बाबा गोठ्यात कोसळले तेव्हा तू त्या समुद्राकाठच्या कॉलेजात होतीस. आपली जुनी कॉन्फरन्स असती तर तू संध्याकाळपर्यंत त्यांच्या उशाशी पोचली असतीस. वादळ, चुकलेली विमानं, आणि तू आलीस तेव्हा मी त्यांना शेवटचा घालायचा सूट इस्त्रीला देऊन परत आले होते. त्या दिवसाबद्दल आपण दोघी कधी बोललो नाही. तू फक्त फ्रिजसमोर उभी राहिलीस आणि त्यांनी काढलेल्या शेवटच्या तक्त्यावर हात फिरवलास, पुसला जाणार नाही इतक्या हलकेच. त्याला मी अजून फडकं लावलेलं नाही.

ते असते तर या वर्षीचा तक्ता बघून त्यांनी पेन्सिल फेकून दिली असती. अकरा कॉलेजं, आणि स्पर्धा कसली, शिडीच आहे ती. खालच्यांनी बुधवारपासून रोज खेळत वर चढायचं, वरच्या दोघांनी पाय पसरून थेट सेमीफायनलला उतरायचं. तुम्ही बुधवारपासून खेळताय. रोज एक सामना, रोज तीच पावलं, तेच गुडघे. आणि एवढं चढून वर कोण भेटलं, तर रेड मेसा. वरच्या विभागात नवं आलेलं कॉलेज, नियमाप्रमाणे अजून काही वर्षं त्यांना राष्ट्रीय स्पर्धेला जाताच येत नाही. इथे खेळू शकतात, इथला चषकही नेऊ शकतात, पण पुढे नाही. आणि असा संघ फायनलला आला तर दुसरा फायनलवाला आपोआप पुढे जातो, निकाल काहीही लागो. हे शरद ऋतूतच ठरलंय, सगळ्या पालकांना कळवलंय. म्हणजे काल सेमीफायनल जिंकलात तेव्हाच तुम्ही राष्ट्रीय स्पर्धेला गेलात, मारित. आजच्या सामन्यातून तुम्हाला काहीही मिळवायचं उरलेलं नाही.

पण हे बोलायची सोय आहे का? काल लॉबीत मी नुसतं तोंड उघडलं तर रोंडा माझ्यावर खेकसली, "मागच्या दाराने जायचं का आपण? लोक काय म्हणतील?" लहानपणापासून एकच गोष्ट हाडात मुरली आहे आपल्या, जो शेवटचा सामना जिंकतो तोच पुढे जातो. नियम बदलला, पण हाडं तीच राहिली. त्यात कोचने सांगितलं की कॉलेजचे अध्यक्ष स्वतः येणार आहेत आणि त्यांच्याबरोबर दुसऱ्या, मोठ्या कॉन्फरन्सचे पाहुणे. बाजारात गुरं बघायला येतात ना, दात मोजायला, तसे. आवडलो तर उचलतील. म्हणजे पुन्हा नवा नकाशा, पुन्हा नवी विमानं. आणि त्या पाहुण्यांना दाखवायला कोचला तू हवी आहेस. कोच वाईट बाई नाही. बाबा गेले तेव्हा ती आपल्या गोठ्यात उभं राहून दूध काढत होती, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण तिलाही भीती आहे, जागा जाण्याची, संघ मागे राहण्याची. घाबरलेल्या माणसाला दुसऱ्याचं डोकं दिसत नाही.

तुमच्या संघाच्या डॉक्टर व्होगेल आत्ता आल्या. अंडी घेऊन एकट्याच खिडकीशी बसल्यात. मान वर करून मला 'गुड मॉर्निंग' म्हणाल्या, आणि माझी पेन्सिल हातातून गळून पडली.

कालचं लिहिते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये तू बाहेर जाणाऱ्या बॉलमागे झेपावलीस, त्यांची ती उंच पोरगी तुझ्यावर आली, आणि तुझं डोकं मागच्या बाजूने जमिनीवर आदळलं. तू हसत उठलीस. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. व्होगेलबाई तुला पडद्यामागे घेऊन गेल्या, आणि थोड्या वेळाने तू परत आलीस, अंगठा वर करून. रोंडाने मला मिठी मारली. मग तुला दोन फ्री थ्रो मिळाले. तू पोरवयापासून फ्री थ्रोच्या आधी बॉल दोनदा आपटतेस आणि बोटांवर फुंकर मारतेस, गोठ्याच्या भिंतीवर बाबांनी बास्केटचं कडं ठोकलं तेव्हापासून. हिवाळ्यात बोटं गारठायची म्हणून त्यांनीच ती फुंकर शिकवली. काल तू आपटलं नाहीस, फुंकर मारली नाहीस, नुसतेच दोन्ही फेकलेस, जणू कोणा दुसऱ्याच्याच हातांनी. दोन्ही हुकले. पुढच्या टाइमआउटला तू त्यांच्या बाकाकडे चालत निघालीस आणि ब्रिनने तुला कोपराला धरून वळवलं. रोंडा खिदळली, "तुझ्या लेकीला तिकडचं पाणी गोड लागतं वाटतं!" सगळी रांग हसली. मी सोडून.

सामना संपल्यावर मी कोचला गाठलं. म्हटलं, तिला नीट तपासलंय ना? कोचचा चेहरा उजळला. "नीट म्हणजे? अहो, शब्द लक्षात ठेवायचे, आकडे उलटे म्हणायचे, सगळं झालं. ऑगस्टपेक्षा जास्त गुण पडले तिला! पडल्याने डोकं चाललं म्हणायचं!" आणि ती हसत गेली. मला मात्र त्यानेच जास्त भीती वाटली.

कारण ऑगस्टचं मला माहीत आहे. तूच सांगितलंस. थँक्सगिव्हिंगला, तोंडात भोपळ्याच्या पाईचा घास असताना. दर ऑगस्टला तुमची ती डोक्याची परीक्षा होते, पुढे कोणी आपटलं तर तुलना करता यावी म्हणून. आणि थोरल्या मुली धाकट्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवतात की त्या दिवशी मुद्दाम ढ व्हायचं. आदल्या रात्री जागायचं, शब्द विसरायचे, आकडे चुकवायचे, म्हणजे पुढे खरंच लागलं तरी उत्तीर्ण. "आई, ऑगस्टमध्ये आमचा संघ म्हणजे मठ्ठांचं संमेलन असतं!" असं म्हणालीस आणि मी हसले गं. ताटं वाढत होते आणि हसत होते. आज कोच आणि डॉक्टर ज्या आकड्यावर विसंबून तुला मैदानात पाठवतायत, तो आकडा तुम्ही पोरींनी स्वतःच्या हाताने खोटा करून ठेवलाय. सगळ्या पोरींना माहीत आहे, कोणी बोलणार नाही. आयांमध्ये बहुधा मला एकटीलाच माहीत आहे.

कॉफी आणायला उठले होते. वेळ गेला. अक्षर बिघडलंय, तर संभाळून घे.

आता ते लिहिते, ज्याच्यासाठी बसले आणि ज्याच्याभोवती इतका वेळ नुसती घिरट्या घालते आहे. काल फोन काढून घ्यायच्या आधी तू लॉबीत मला भेटलीस. काळा चष्मा होता डोळ्यांवर, संध्याकाळचा. दिवे टोचतात म्हणालीस. तू माझ्या गालाला गाल लावलास, माझ्या मागे दाराकडे बघितलंस, आणि अगदी सहज विचारलंस, "बाबा कुठायत? गाडी लावतायत का?"

आजूबाजूला सगळे बोलत होते. कोणीतरी पिझ्झा मागवत होतं. मी म्हणाले, "हो, येतीलच." तू मान डोलावलीस, "त्यांना सांग, फ्री थ्रोचं काही बोलू नका," आणि लिफ्टकडे गेलीस. तू काय विचारलंस ते तुला कळलंच नाही. जो दिवस तू क्षणभरही विसरली नाहीस, ज्याच्यामुळे तू आजही फेब्रुवारीत नीट जेवत नाहीस, तो दिवस कालच्या त्या आवाजाने तुझ्या डोक्यातून पुसून टाकला होता. मी रात्रभर पलंगाच्या कडेला बसून होते. एकच विचार. त्या डोक्यावर आज पुन्हा एखादं कोपर बसलं, पुन्हा ती जमीन आली, तर पुढच्या वेळी तू मलाच 'तू कोण?' म्हणून विचारशील? की विचारायला उरशीलच का?

हे पत्र सुरू केलं तेव्हा मी तुला विनवणार होते. आज खेळू नकोस, स्वतःहून सांग, आजचा सामना तसाही कुठे मोजला जातोय. पण लिहिता लिहिता मला तू दिसलीस. वाचून हसशील, "आई ती आईच" म्हणशील, घडी करून बुटात घालशील आणि जाशील. म्हणून मघाशी मी कॉफीकडे गेलेच नाही, मारित. मी खिडकीशी गेले. व्होगेलबाईंच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. बाक, फुंकर, काळा चष्मा, ऑगस्ट. शेवटी बाबांचं सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातला काटा खाली ठेवला. त्या माझ्यासमोरच गावातल्या मेंदूच्या डॉक्टरांना फोन लावत बाहेर गेल्या, आणि आता वर यायला निघाल्या असतील. मला त्यांनी एवढंच कबूल केलं, की पिशवी त्यांच्या आधी वर जाईल. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. आजचा सामना गेला. कदाचित राष्ट्रीय स्पर्धाही गेली, तुझं हे शेवटचं वर्ष आहे हे मला माहीत आहे. ब्रिन आणि बाकीच्या पोरींनाही आता पुन्हा तपासतील, आणि रोंडा, जी तिकडे तुझ्या पिशवीत गुपचूप आणखी एक बिस्किट सारते आहे, ती दुपारपर्यंत माझ्याशी बोलायची बंद होईल. तूही बोलू नकोस. महिनाभर नको, वर्षभर नको. मी तुझ्या रागाला भीत नाही, मी ज्याला भीत होते ते वेगळं आहे. फक्त एक दुरुस्ती करायची राहिली. काल तुला मी 'येतीलच' म्हणाले, ते खरं नव्हतं. बाबा गाडी लावायला गेलेले नाहीत, बाळा. आपण दोघीच आहोत आता. दारावर टकटक होईल, ती उघड.

तुझीच,
आई